कमलताईंच्या छतावरचा चारा

एका संक्रांतीला कमलताईंनी हळदीकुंकवाचं वाण म्हणून गुरांच्या चाऱ्याचं बियाणं वाटलं. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं, पण वाण वाटायला नवरा लागतो हे त्यांना मान्य नव्हतं. प्रत्येक पुडीवर मास्तरणीच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: ‘स्टायलो. पाऊस सुरू झाल्यावर पेरणे. आधी गरम पाण्यात भिजवणे.’ एका बाईनं ते न वाचता फोडणीत घातलं आणि शिजत नाही म्हणून तक्रार केली. कमलताई तिच्या घरी जाऊन या बियांचं साल का कठीण असतं, हे अर्धा तास समजावून आल्या.

पाटणकर बाजारात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर कमलताई एकट्या राहतात. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि रिटायर झाल्यावर छतावर चारा लावला. अर्धे कापलेले ड्रम, फुटके टब, एक जुना बाथटबसुद्धा. गाय पाळलेली नाही, पाळायला जागा नाही. दुकानात वही घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही त्या रोपाचं मूळ दाखवायच्या, त्यावरची बारीक गाठ नखानं फोडून म्हणायच्या, आतून गुलाबी आहे ना, म्हणजे हे हवेतून खत करतंय.

ते रोप पहिले दोन महिने वाढायचं नावच घेत नाही. कुणी हसलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, “घाई नको, मूळ धरतंय.” माझी सून हिंदी बोलणाऱ्या घरातली. तिला मराठी येईना म्हणून माझी बायको कुरकुरली, तर कमलताई म्हणाल्या, घाई नको, मूळ धरतेय. थंडीत त्या टबांना जुन्या साड्या गुंडाळायच्या, कारण हे झाड गरम मुलखातलं, आपल्या ग्वाल्हेरची जानेवारी त्याला सोसत नाही. पलीकडच्या छतावरून पाहिलं तर साताठ बायका पांघरूण घेऊन बसल्यासारख्या दिसायच्या.

हा सगळा चारा एका तांबड्या गाईसाठी होता. कुणाची होती ते ठाऊक नाही. सकाळी दूध काढून कुणीतरी सोडून देत असावं. रोज दुपारी चारला ती माझ्या दुकानापाशी, जिन्याच्या तोंडाशी येऊन हंबरायची. मग कमलताई इस्त्रीची साडी नेसून, हातात कोवळी पेंडी घेऊन खाली उतरायच्या. बुडापासून वीतभर ठेवूनच कापायचं, म्हणजे पुन्हा फुटतं, हे त्या गाईलाही सांगायच्या.

मला मात्र त्या गाईचा वैताग होता. पायरीवर शेण, गिऱ्हाइकांना वाट नाही. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात तिनं बाहेर मांडलेल्या वह्यांचा गठ्ठा ओढून चघळला. मी रागाच्या भरात महापालिकेत फोन लावला आणि तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली आणि तिला घेऊन गेली. कमलताई तेव्हा पूजेला बसलेल्या होत्या.

चारला त्या पेंडी घेऊन उतरल्या. साडेचारपर्यंत उभ्या राहिल्या. मला विचारलं, तर मी म्हणालो, काय की, आज दिसली नाही. तिसऱ्या दिवशी पानवाल्यानं गाडी तिला गोशाळेत घेऊन गेल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी मलाच गळ घातली, सुधीर, मला गोशाळेत नेशील का? मी स्कूटर काढली.

गोशाळा शहराबाहेर. तिथे तांबड्याच गाई शेकड्यांनी. कमलताई उन्हात एकेकीच्या तोंडापाशी जाऊन बघत होत्या. तासाभरानं तिथला माणूस म्हणाला, अम्माजी, उस दिन वाली तो आगे भेज दीं. कुठे, ते त्याला सांगता येईना. कमलताईंनी बरोबर आणलेली पेंडी समोरच्या एका हडकुळ्या गाईपुढे ठेवली आणि ती खाऊन संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

परतताना इंदरगंजच्या सिग्नलला थांबलो, तेव्हा मागून हळूच म्हणाल्या, “ती चारला यायची ना, म्हणून मी तीनला उठून केस विंचरायची. आता कशाला उठू, तेच कळत नाही.”

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. मागच्या गाडीनं हॉर्न दिला आणि मी स्कूटर पुढे काढली.

आता दर रविवारी त्या चारा कापून ठेवतात आणि मी तो गोशाळेत पोहोचवतो. गेल्या महिन्यात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली होती. कमलताईंनी मला वर बोलावलं, चहा दिला आणि तिला सांगितलं, “हा सुधीर. मुक्या जनावराची याला फार माया आहे हं.”

मी बशीतला चहा संपवला आणि दुकान उघडं आहे म्हणून खाली आलो.