लवंग्याचा दिसणारा दम

एका जंगलात, बाळांनो, सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणजे सुधारणा करायची वेळ आलीच होती.

त्या जंगलात लवंग्या नावाचा कोळसुंदा राहायचा. कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा. हा वाघोबा महाराजांचा हरकारा. गुहेतून निरोप घ्यायचा आणि सात टेकड्या ओलांडून नदीकाठच्या जनावरांना पोचवायचा. तिथंच त्याची बायको तांबी आणि चार पिल्लं राहायची. दिसायला नुसता काटकुळा, पण धाप म्हणून कधी लागली नाही.

एकदा शेजारच्या जंगलातले पाहुणे आले आणि लवंग्याला बघून हसले. झालं, महाराजांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"आमच्या हरकाऱ्यात दम दिसला पाहिजे," महाराज म्हणाले.

आता दम असतो, तो दिसत नसतो, हे वाघाला कोण सांगणार? तुम्ही सांगाल? गप्प बसा. अस्वल वस्तादांनी लगेच तालीम उघडली आणि एक वेल तोडून आणली.

"लवंग्या, मांडीला या वेलीच्या लांबीएवढा घेर आण. नाहीतर दुसरा हरकारा बघतो."

बापजाद्यांची नोकरी! लवंग्या बैठका मारू लागला. धोंडे उचलू लागला. रोज दहा-दहा अंडी खाऊ लागला. ज्यांची होती त्यांना विचारलं नाही. चार महिन्यांत मांड्या अशा भरल्या की चालताना एकमेकींवर घासायच्या.

"अहो, छान दिसताय," तांबी म्हणाली. "पण बिळात कसे शिरणार?"

लवंग्याला मात्र दुसरीच काळजी. दुसऱ्या टेकडीवरच पाय भरून यायला लागले होते. तो सुतारपक्षी वैद्यबुवांकडे गेला.

वैद्यबुवांनी मांडीवर टकटक केलं. "हे बघ, मांस म्हणजे धाग्यांची जुडी. तू एकेक धागा जाड केलास. श्वासातली हवा रक्तातून येते, धाग्याच्या कडेला उतरते आणि तिथून आत झिरपते. धागा बारीक असला तर मधोमध पोचते. जाड झाला की मधला भाग उपाशी. पंगतीत वाढपी कडेकडेनंच फिरतो ना? दोन ओळी असल्या तर सगळे जेवतात. दहा ओळी खेटून बसवल्या तर मधले बोटं चाटत बसतात."

"म्हणजे माझ्यात ताकद नाही?"

"भरपूर आहे. झाड उपट हवं तर. फक्त लांब पळू नकोस."

"अहो, पळणं हीच तर माझी नोकरी आहे."

"मग वस्तादांना विचार," वैद्यबुवा म्हणाले. तालमीतून त्यांनाही रोगी यायचे, हे तुम्ही ओळखलं असेलच.

उन्हाळ्यात वणवा लागला. वारा नदीच्या दिशेनं होता. नदीकाठच्यांना पलीकडे जायला सांगणं भाग होतं. लवंग्या बाणासारखा सुटला. पहिली टेकडी त्यानं अशी घेतली की अस्वल वस्तादांनी मिशा नसताना पीळ भरला. दुसरीवर जीभ बाहेर आली. तिसरीवर लवंग्या धाडकन पडला. मांड्या दगड झाल्या होत्या.

"माझी पिल्लं जळतील," तो म्हणाला आणि ढसाढसा रडला.

तेवढ्यात समोरून तांबी आली. पिल्लांना खायला आणण्यासाठी ती बिचारी रोज चार टेकड्या चढून इथवर यायची. लवंग्यानं धापा टाकत निरोप सांगितला. तांबीनं पुढचं ऐकूनही घेतलं नाही. ती चार टेकड्या एका दमात उतरली. पिल्लं वाचली, नदीकाठचं झाडून सगळं गोत वाचलं.

आठवड्यानं तांबीचा सत्कार ठरला. शाल आणली. ती तांबीच्या खांद्यांवर ठरेना, सारखी घसरायची. चार वेळा घसरल्यावर महाराज वैतागले. लवंग्याच्या खांद्यांवर मात्र ती फक्कड बसली.

"महाराज, पळाली ही," लवंग्या पुटपुटला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"घ्या हो तुम्हीच," तांबी म्हणाली. "मला वेळ नाही. पिल्लं भुकेली आहेत."

लवंग्याला 'दमदार' ही पदवी मिळाली. नोकरी पक्की झाली. निरोप तेव्हापासून तांबी पोचवते.

तात्पर्य : तालमीत दम घालवावा आणि नोकरी टिकवावी. पळायचं काम निघालंच, तर त्यासाठी घरात बारीक कुणीतरी असतंच.