डिकीतला घसा

बायको "बंदच घ्या" म्हणाली नसती, तर मी बहुधा बंदच घेतला असता.

गोष्ट सबवूफरच्या, म्हणजे गाण्याला दणका देणाऱ्या स्पीकरच्या, खोक्याची आहे. सासऱ्यांच्या माघारी त्यांची गाडी आमच्याकडे आली. तिच्यातला रेडिओ सर्दी झाल्यासारखा बोलायचा, म्हणून मी ठरवलं की गाडीत जरा दमदार आवाज बसवून घ्यायचा. (पन्नाशीला टेकल्यावर माणसाला दमदार व्हावंसं वाटतं. स्वतः होणं अवघड असतं, मग तो गाडीला करतो.) साउंडवाल्यानं काउंटरवर दोन खोके ठेवले.

"हा सील्ड. चहूबाजूंनी बंद. मोजकं बोलतो, स्वच्छ बोलतो. आणि हा पोर्टेड. ह्याला ही नळी असते. आतली हवा नळीतून बाहेर येते, त्यामुळे दणका मोठा."

"म्हणजे खोका श्वास घेतो?" मी विचारलं.

"तसंच म्हणा."

बायको नळीच्या काळ्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिली. "बंदच घ्या. ज्या भोकाचा तळ दिसत नाही, ते गाडीत कशाला?"

"तुला त्यातलं काय कळतंय," असं मी तिला म्हणालो नाही. (इतका मी शूर नाही.) मी नुसता पोर्टेडवर हात ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

इथं सासऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. ते निवृत्त शाळा तपासनीस. मला ते कधी टाकून बोलले नाहीत, फक्त घसा खाकरायचे. "अं-हं." एवढंच. लग्नाआधी मी माझा हुद्दा जरा वाढवून सांगितला, तेव्हा अं-हं. मी गाडी लावली की अं-हं, आणि पुन्हा नीट लावली तरी अं-हं. ते मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात बसायचे. तिथली गादी अजून खोलगट आहे. ते गेल्यापासून बायको त्या कोपऱ्याकडे बघत नव्हती. रडलीही नव्हती. नळ सोडून द्यायची आणि भांडं भरून वाहू लागलं तरी तशीच उभी राहायची. मला ते बघवत नव्हतं, आणि काय करावं तेही सुचत नव्हतं.

खोका डिकीत बसवून आम्ही घरी निघालो. ढगाळ संध्याकाळ होती, रस्त्यावरचे दिवे लागायचे होते. गाणं हळू आवाजात चाललं होतं.

"पेट्रोल भरलंत ना?" बायकोनं विचारलं.

"भरलं की," म्हणत मी गाणं जरा मोठं केलं.

"अं-हं," मागून आवाज आला.

आरशात पाहिलं तर मागची सीट रिकामी. कोपऱ्यातला खड्डा मात्र नेहमीपेक्षा खोल वाटला. बायकोनं सावकाश मान वळवली आणि ते गेल्यापासून पहिल्यांदाच त्या जागेकडे पाहिलं.

"बाबा?" ती म्हणाली.

पुढच्या चौकात पेट्रोल संपलं. बायकोनं स्टिअरिंग धरलं आणि मी मागून ढकलू लागलो. गाडी जड लागत होती. बायकोचं वजन धरलं, खोक्याचं धरलं, माझ्या दमाचा दोषही धरला, तरी एका माणसाचा हिशेब लागेना.

मग हे रोजचंच झालं. "बहिणीला फोन केलात?" "केला." मी गाणं मोठं करतो न करतो, तोच मागून अं-हं. "गोळ्या घेतल्यात?" "घेतल्या." पुन्हा गाणं, पुन्हा अं-हं. खरं बोललो की डिकी गप्प. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या तर मनात आता सर्चलाइट लागला होता. एक अख्खा आठवडा मी खरं बोलून पाहिलं आणि मला अशक्तपणा आला.

सासूबाईंना एकदा दवाखान्यात न्यायचं होतं. त्या मागे उजव्या कडेला अंग चोरून बसल्या.

"आई, ऐसपैस बसा की."

"नको, त्यांना अडचण होते." हे त्या इतक्या साधेपणानं म्हणाल्या की माझ्या मानेवर काटा आला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "जावईबापू, मी विणलेला स्वेटर आवडला का?"

"म्हणजे काय, फारच," मी म्हणालो आणि हात बटणाकडे गेला.

"अं-हं."

सासूबाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी पर्समधून खोकल्याची एक गोळी काढली आणि कोपऱ्यातल्या खड्ड्यात ठेवली. "घसा काही सुटला नाही ह्यांचा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी तिथं नव्हती. (मी सीटखाली वाकून पाहिलं नाही. तिथं पडली असेल ही आशा होती, ती कशाला घालवा.)

एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आलो. गाडी अंगणात उभी, इंजिन बंद, काचा वर, आत गाणं मोठ्यानं चाललेलं आणि डिकीचं झाकण थरथरतंय. मागच्या सीटवर बायको त्या खड्ड्याशेजारी बसली होती आणि बोलत होती. मधूनच थांबायची, कान द्यायची, मान डोलवायची आणि पुन्हा बोलायची. आणि ती हसत होती. किती दिवसांनी हसत होती. मला बरं वाटलं. तेवढ्यात तिनं आमच्या घराच्या दाराकडे बोट करून काहीतरी सांगितलं, आणि डिकीतून लागोपाठ अं-हं, अं-हं, अं-हं ऐकू आलं. विषय कोणाचा होता हे कळायला मला वेळ लागला नाही.

मी तडक साउंडवाल्याकडे गेलो.

"नळी बारीक पडली," तो म्हणाला. "आवाज वाढवला की खोल ठोक्याला हवा कोंडते आणि भसकन बाहेर येते. सील्ड लावा, गप्प बसेल."

भुताचं असं निदान झाल्यावर माणसानं हसायला हवं. मला हसू आलं नाही. तिला सांगावं, तर तिचे वडील दुसऱ्यांदा जाणार. न सांगावं, तर मला मरेपर्यंत खरं बोलावं लागणार. मी बराच विचार केला आणि नेहमीप्रमाणे स्वतःच्या सोयीचं तेच केलं.

"उद्या गाडी आणतो, सील्ड बसव," मी म्हणालो, "आणि आमच्या घरी बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गाडी नेली आणि येताना खोका बदलून आणला. त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सासूबाईंकडे निघालो. बायको माझ्या शेजारी बसली होती.

"काल उशीर का झाला?" तिनं विचारलं.

"मीटिंग होती," म्हणून मी गाणं वाढवलं.

डिकीतून फक्त गाणं आलं. मोजकं, स्वच्छ. बायको वाट बघत राहिली. मग मागे वळली. "बाबा?" थोड्या वेळानं, अगदी हळू, "बाबा, ऐकताय ना?"

त्यांना शेवटचं भेटून ती दवाखान्याच्या जिन्यावर उभी होती, तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरलो नव्हतो. तोच चेहरा आता माझ्या शेजारी होता, आणि तो मी आणला होता.

मी गाडी कडेला घेतली. गाणं बंद केलं, इंजिन बंद केलं आणि सगळं सांगून टाकलं. नळी, हवा, बदललेला खोका, सगळं. "ते बाबा नव्हते गं," मी म्हणालो. "चुकलं माझं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"दुसऱ्याच दिवशी डिकी उघडून नळीपाशी हात धरला होता मी. हवा लागली हाताला. आणि तुम्ही खोटं बोललात की आवाज वाढवता. लग्नापासून बघतेय. घरात टीव्हीचा, नाहीतर नळाचा. इथं गाण्याचा."

(इतकी वर्षं माझं हे गुपित फक्त एकाच माणसाला माहीत नव्हतं, आणि तो मी.)

"मग खोक्याशी एवढं काय बोलत बसायचीस?"

"उत्तर हवेचं होतं हो. पण बाबा म्हणून हाक मारायला एक जागा होती. घरात कुणाला मारू?"

आणि ती रडली. ते गेल्यापासूनचं सगळं रडली. मी तिचा हात धरून बसलो. माझेही डोळे भरून आले.

"उद्याच नळीवाला परत बसवतो," मी म्हणालो. "आणि खरं सांगू? मलाही आवडायला लागला होता तो आवाज."

गाणं बंद होतं. इंजिन बंद होतं. खोका तर चहूबाजूंनी बंद होता.

"अं-हं," मागून आवाज आला. आणि पाठोपाठ, गोळीचा कागद कुणीतरी सावकाश उलगडावा तशी कुरकुर.

माझी मान वळेना. हाताला किल्ली सापडेना. बायकोनं मात्र पदरानं डोळे पुसले, पट्टा नीट केला आणि मागे न बघताच म्हणाली, "राहू द्या बाबा. मला सवय झालीय ह्यांची."