किस्न्या, लाईट!

हार्ड डिस्क भरली की जड होते का? योगीराजदादाला मी हे तीन लग्नसराया विचारत होतो. तो नुसता हसायचा. मी सातवीत शाळा सोडलेली, म्हणून हसत असेल. (पदवीवाल्यांनाही विचारून पाहिलं. तेही हसलेच.)

दादा येरमाळ्यात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा आणि मी लाईट धरायचो. दोन महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि दादा गेला. मागे त्याची डिस्क राहिली. तिच्यात पाशामियाँचाचांच्या झरीनचं लग्न होतं, दादानं शूट केलेलं शेवटचं. "ईदच्या आधी देतो," असं तो सांगून बसलेला. चाचा भेटले की म्हणायचे, "घाई न्हाय, बेटा. योगीराज देतो म्हणलाय, म्हंजे मिळंल."

ईदला तीन आठवडे उरले, तेव्हा डिस्क कळंबच्या एडिटिंगवाल्याकडं द्यायला निघालो. वाटेत गोरोबाचं किराणा दुकान लागलं आणि त्याचा नवा काटा दिसला. राहवलं नाही. ठेवली.

"दोनशे तीस ग्रॅम," गोरोबा म्हणाला. "रिकामी किती भरत होती?"

ते मी कधी मोजलंच नव्हतं. मी जोरात कपाळावर हात मारला. हात खाली घेताना कोपर काट्यावरच्या डिस्कला लागलं आणि ती फरशीवर आपटली.

घरी येऊन लावली तर आत नुसती टकटक. कॉम्प्युटरवर काहीच येईना. भिजलेला मोबाईल तांदळात ठेवतात, एवढं मला ठाऊक होतं. तांदूळ संपलेला, म्हणून ज्वारीच्या डब्यात ठेवली. ("पण ही कुठं भिजलीय?" हे आईनं तिसऱ्या दिवशी विचारलं.)

शेवटी धाराशिव गाठलं. डेटा काढून देणाऱ्या शरणबसप्पांनी चष्मा लावला.

"पडली होती का?"

"न्हाय, साहेब."

त्यांनी डिस्क उलटी केली. कव्हरच्या फटीतून ज्वारीचे दोन दाणे टेबलावर पडले. त्यांनी दाण्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पडली होती," मी म्हणालो.

"आणि ही ज्वारी?"

"औषध."

"पडल्यावर किती वेळा चालू केली?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ. दादाचं काही दिसतंय का बघायला."

त्यांनी डिस्क ठेवून घेतली.

दहा दिवसांनी बोलावणं आलं. झरीनचं लग्न बहुतेक सगळं निघालं होतं. मी दादाला शोधत होतो. तो कुठंच नव्हता, कारण कॅमेरा त्याच्याच हातात. पण आवाज होता. दर पाच मिनिटांनी: "किस्न्या, लाईट! नवरीवर धर, बिर्याणीवर न्हाय!" (कागदोपत्री माझं नाव कृष्णराज आहे.)

"हा आवाज काढून गाणं टाकायचं ना?" शरणबसप्पांनी विचारलं.

दादा स्वतः तसंच करायचा.

"न्हाय," मी म्हणालो. "राहू द्या."

निघताना त्यांना विचारलं, "साहेब, भरलेली डिस्क जड असते का?" नेमका त्यांचा फोन वाजला.

ईदच्या आदल्या दुपारी चाचांचं सगळं घर पडदे ओढून टीव्हीपुढं बसलं. झरीनही माहेरी आलेली. दादा मला झापत होता आणि घर हसत होतं.

"किस्नाभाई," झरीन म्हणाली, "माझं तोंड अंधारात आन् बिर्याणीची डेग लखलखीत! लग्न कुणाचं होतं?"

मग पाठवणी आली. झरीन चाचांच्या गळ्यात पडली, पडद्यावर अंधार झाला आणि दादा ओरडला, "किस्न्या, कुठं मेलास? लाईट!"

मी उठलो आणि भिंतीवरचं बटण दाबलं. ट्यूब लागली. टीव्ही पांढराफटक.

"अरे, बंद कर की, काय दिसंना!" सगळं घर ओरडलं.

आयुष्यात पहिल्यांदा दादाच्या एका हाकेत मी लाईट दिला होता. तोही चुकीच्या जागी.