जिनोआ, व्हॅलेन्सिया आणि हिराजीकाका

हिराजीकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या कपड्याकडे. त्यांच्या खिशात पितळेचं एक घडीचं भिंग असे. ते उघडून समोरच्याच्या बाहीवर ठेवायचं, एक डोळा मिटायचा, इंचात उभे-आडवे किती धागे आहेत ते मोजायचे आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगायचा. "बावन्न-अठ्ठेचाळीस. फसवलं तुना दुकानदारान." मग, "बस. काय काम होतं?"

बँकेचा मॅनेजर, बोहल्यावरचा नवरदेव, पोलिओचे थेंब पाजायला आलेली नर्स, कुणीही यातून सुटलं नव्हतं.

माझे वडील गेले तेव्हा काका तेराव्याला आले. फोटोसमोर हात जोडले आणि त्याच हातांनी फोटोखाली अंथरलेलं पांढरं वस्त्र उचलून भिंगाखाली धरलं. "मिलचं हाय. मास्तरांना चाललं असतं," असा निकाल दिला. त्या दिवशी मी त्यांना मनातून कायमचं उतरवून टाकलं. त्यांना त्याचा पत्ता नव्हता. पुढच्याच आठवड्यात ते एक चकचकीत पुस्तिका घेऊन पुन्हा दारात उभे.

सुताच्या एका कंपनीने सर्वांत जास्त सूत उचलणाऱ्या कारखानदाराला बक्षीस ठेवलं होतं आणि ते यंत्रमागवाल्या काकांना लागलं होतं. दोन माणसांची, आठ दिवसांची, भूमध्य समुद्राकाठची सहल. गाव मात्र दोनांतलं एकच निवडायचं: इटलीतलं जिनोआ किंवा स्पेनमधलं व्हॅलेन्सिया. शनिवारपर्यंत कळवलं नाही, तर बक्षीस दुसऱ्या नंबरच्या माणसाकडे जाणार होतं. दुसऱ्या नंबरला पडघ्याचे त्यांचे सख्खे साडू होते.

"मास्तर असते तर तुज्याकडं आलोच नसतो," काका म्हणाले. इंग्रजी कागद आला की ते वडिलांकडे येत. "आता तूच वाच, बाय. शालंत पुस्तकंच सांभालतीस ना?"

मी शाळेत ग्रंथपाल आहे. नकार द्यायला हवा होता, पण नकार द्यायलाही थोडी ताकद लागते आणि ती त्या महिन्यात माझ्यात नव्हती. काका रविवारपासून रोज संध्याकाळी सहाला येऊन वडिलांच्या खुर्चीत बसू लागले. मी पुस्तिका वाचली, शाळेतला ज्ञानकोश घरी आणला, सायबर कॅफेतून पानं छापून आणली. तेराव्यानंतर ज्या घरात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं, तिथे मी जिनोआचा इतिहास मोठ्याने वाचत होते आणि समोर बसलेला माणूस त्यावर थुंकत होता.

"हजार वर्षांचं बंदर," मी वाचलं.

"त्यात काय हाय? आपली खाडीबी जुनीच हाय. माजा आजा गलबतातून कौलं आनायचा. त्याची कोन पुस्तिका छापतंय?"

"संगमरवरी राजवाडे."

"राहनालला चल. माज्या गोदामाचं शटर दाखवतो."

जिनोआच्या एका फोटोत दोन इमारतींमध्ये दोऱ्यांवर कपडे वाळत होते. काका पहिल्यांदाच पुढे झुकले. फोटोवर भिंग ठेवलं, डोळा मिटला आणि बराच वेळ मोजत राहिले. "सगले ठिपकेच हायत, बाय," शेवटी म्हणाले. "सूत न्हायच. असल्या गावान काय बघायचं?" छापलेल्या चित्रात ठिपकेच असतात हे मी त्यांना समजावलं. ते पटल्याचं त्यांनी दाखवलं नाही.

व्हॅलेन्सियात रेशमाच्या व्यापाऱ्यांनी बांधलेला जुना दगडी बाजार आहे. त्याचे खांब दोरीसारखे पिळलेले आहेत. "पील उजवा का डावा?" काकांनी विचारलं. असला प्रश्न त्या खांबांना कुणी विचारला नसेल.

हेही एकवेळ चाललं असतं. पण ते प्रत्येक पान तीनदा वाचायला लावत. "परत वाच." मग, "आता सावकाश." मला वाटे, माणूस मंद आहे. आणि मध्येच त्यांचे ठरलेले प्रश्न येत. रस्ता किती रुंद? पायऱ्या किती? संध्याकाळी दिवे कधी लावतात? ते कुठल्या ज्ञानकोशात असणार?

"काका, तुम्हाला तिथे ट्रक वळवायचा नाहीये. गोदामासाठी जागा बघताय का?"

"गोदाम कोन बांधतंय? तू रुंदी सांग."

जिनोआच्या जुन्या भागात दोन माणसं जेमतेम शेजारून जातील असे चढाचे बोळ आहेत, हे ऐकून त्यांनी तोंड वाकडं केलं. पण व्हॅलेन्सियालाही हो म्हटलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. गल्लीत पैजा लागल्या. त्यांच्या पुतण्याने तर चाकांची बॅगही आणून ठेवली, कारण दुसरं तिकीट आपलंच, याविषयी त्याला शंका नव्हती. काकींना ऐकू येत नाही, त्यामुळे त्या मोजणीतच नव्हत्या. गल्लीच्या नव्हत्या आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

बुधवारी मी वाचलं की व्हॅलेन्सियात फार मोठा पूर आल्यावर नदीच गावाबाहेरून वळवली आणि कोरड्या पात्रात बाग केली. काही मैल लांब, सपाट, गाड्यांना बंदी. मी 'त्यात काय हाय'ची वाट पाहिली. ते आलं नाही. काका उठले आणि चपला घालून निघून गेले.

गुरुवारी ते आले नाहीत. साडेसहा वाजले तशी मला चीड आली. चार दिवस घसा सुकवला आणि या माणसाला निरोप द्यायचंही सुचत नाही. पानं घेऊन मी सरळ त्यांच्या कारखान्यावर गेले.

त्यांचं घर लूमच्या शेडमागे आहे. मी आत कधी गेले नव्हते. मधल्या दारात काकी पाटावर बसून ताटात सुकी मासळी, जवळा, निवडत होत्या. समोर उकिडवे बसलेले काका बोलत होते. लूमच्या खडखडाटात आवाज बुडतोय असं मला वाटलं. जवळ गेले तेव्हा कळलं, आवाज नव्हताच. फक्त ओठ हलत होते. हातांनी त्यांनी एक खांब उभा केला आणि त्याला उजवीकडे पीळ दिला. मी ज्या वाक्यात थांबत होते, त्याच वाक्यात ते थांबत होते.

काकी ताट घेऊन उठल्या. काकाही उठले आणि त्यांच्यापुढे उलटे चालू लागले. तोंड त्यांच्याकडे, पाठ लूमकडे, बोलणं चालूच.

काकींनी मला पाहिलं. "मास्तरांची पोर ना?" त्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाल्या. "याला सांग, चार दिस नुसता खांब-खांब करतोय. तिकडं मासलीबाजार हाय का, ते इचार म्हनली तर इचारत न्हाय."

"आहे, काकी. मोठा आहे," मी सावकाश म्हणाले. माझे ओठ त्यांना वाचता येईनात. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांच्या ओठांनी तेच सांगितलं, तेव्हा त्यांनी मान हलवली.

बाहेर ओट्यावर काका म्हणाले, "पयली बारा वर्षं आमी दोगांनीच लूम चालवले. तितं आवाज पोचत न्हाय, ओठांनीच बोलायचं. तिचं कान तितंच गेलं. आता गाईड मायकान बोलनार, तोंड पुढं करून. तिला काय समजनार? म्हनून मलाच समदं पाठ पायजे."

"आणि रुंदी?"

"मी तिच्यापुढं उलटा चालतो ना. अरुंद गल्लीन, पायऱ्यांवर पडनार मी. अंधारान ओठ दिसत न्हाय." मग ते म्हणाले, "त्या नदीच्या बागंत गाड्या न्हायत, ते खरं?"

"खरं."

"मग लिव."

मी तिथेच ओट्यावर बसून इंग्रजीत पत्र लिहिलं. प्रवाशांच्या रकान्यात काकींचं नाव घालताना स्पेलिंग दोनदा तपासलं. पत्र शुक्रवारी हातोहात कंपनीत गेलं. पडघ्याचे साडू महिनाभर बोलत नव्हते, असं ऐकलं.

त्यानंतर सहा वाजले की माझ्या हातात काही काम नसे. एकदा मी ज्ञानकोश काढून कुठलंसं पान मोठ्याने वाचायला घेतलं आणि दोन ओळींतच थांबले.

निघायच्या दिवशी सकाळी मी खिडकीत होते. गाडी नाक्यावर उभी होती. पुतण्या स्वतःची चाकांची बॅग त्यांच्यासाठी ओढत पुढे चालला होता. मागून काका गल्लीतून उलटे येत होते, समोर नव्या लुगड्यात काकी. हातगाडीवाला ओरडला, "सेठ, पीछे देखो." काकांनी पाहिलं नाही. ते काहीतरी सांगत होते. काकी मधेच थांबल्या, तोंडाला पदर लावला आणि खांदे हलेपर्यंत हसल्या.

माझे कान चांगले आहेत. मला एक शब्दही ऐकू आला नाही.