वस्तऱ्याच्या पाठीवरची पट्टी

उत्तमसिंगांची दाढी रविवारी सकाळी होत असे आणि त्याच संध्याकाळी जशीच्या तशी परत येत असे. याचा पुरावा फेब्रुवारीतल्या एका लग्नाच्या अल्बमात होता. त्यातल्या सत्तावीस छायाचित्रांत ते नुकतेच दवाखान्यातून सुटून आल्यासारखे दिसत होते.

"अंजूच्या सगाईले असंच थोबाड घेऊन बसान, तं मी बाजूले बसनार नाही," जमनीबाईंनी पत्नीच्या अधिकारात ठराव मांडला.

अंजू ही उत्तमसिंगांच्या दिवंगत भावाची एकुलती एक मुलगी. येत्या रविवारी दुपारी पुसदला तिची सगाई होती आणि वडिलांच्या जागी उत्तमसिंगांना बसायचे होते. त्या दिवशीचे छायाचित्र अंजू जन्मभर जपणार होती. त्यामुळे प्रश्न साधा राहिला नव्हता.

दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये उत्तमसिंगांनी एकतीस वर्षे वजनकाटा सांभाळला होता. दोष शोधायचा तर क्रमाने, ही त्यांची रीत होती. गाल तेच होते, साबण तोच होता. देवीलालबद्दल शंका घेणे अशक्यच होते, कारण तो तेहतीस वर्षे दर रविवारी घरी येऊन, उत्तमसिंगांच्या वडिलांच्याच वस्तऱ्याने त्यांची दाढी करीत होता. धार लावण्यासाठी वस्तरा पंधरवड्यातून एकदा तोच घरी नेई. म्हणजे उरली धार. ती बोथट झाली आहे असे देवीलालला तोंडावर सांगणे हा त्याचा अपमान ठरला असता. तेव्हा आपणच ती गुपचूप लावावी, असा निर्णय गुरुवारी झाला.

मोबाइलवरच्या एका गृहस्थाचे म्हणणे असे होते, की वस्तरा दगडावर घासण्यापूर्वी त्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे पाठ झिजत नाही आणि धारेचा कोन बदलत नाही. पट्टी लावताना धार मात्र कशात तरी रुतवून ठेवावी. आयुष्यात प्रथमच समविचारी माणूस भेटल्याचे समाधान उत्तमसिंगांना लाभले. त्यांनी एका रबरी चपलेला खाच पाडली आणि धार तीत बसवली.

"हे माही चप्पल आहे," जमनीबाई म्हणाल्या.

"एकच घेतली. दुसरी जागेवर आहे."

"मंग मी लंगडी घालू काय?"

"उघड्या धारेवर पट्टी लावनं धोक्याचं असते. अशी खाचेत बसवली, का बोटं सुरक्षित."

"अन् माहा पाय?"

या मुद्द्यावर मोबाइलमधला गृहस्थ काही बोलला नव्हता.

पहिल्या पट्टीला सुरकुती पडली. दुसरी डावीकडे किंचित अधिक उतरली. त्यानंतर दर वीस घासण्यांनंतर पट्टी बदलण्याचा नियम त्यांनी स्वतःला घालून दिला, आणि शुक्रवारी दुपारी गुंडाळी संपली. घरात उरलेली एकमेव पट्टी कूलरच्या वायरीच्या जोडाला गुंडाळलेली होती. उत्तमसिंगांनी आधी प्लग काढला, मग पट्टी सोडवली आणि 'चालू करू नये' असा कागद लिहिला. तो चिकटवायला जादा पट्टी नव्हती, म्हणून कूलरवर वाटीखाली दाबून ठेवला. महिना मे होता. जमनीबाईंनी त्या कागदाकडे पाहिले आणि चटई गच्चीवर नेली.

शनिवारी वस्तरा नुसता जवळ नेला तरी मनगटावरचे केस गळू लागले. उत्तमसिंगांच्या एकाही बोटाला ओरखडा नव्हता.

रविवारी सात वाजता देवीलाल आला. त्याने फेस केला, टॉवेल खोवला, वस्तरा उचलून अंगठ्याच्या नखावर टेकवला आणि तो थांबला.

"भाऊ, याले धार कोनं लावली?"

"मी. पाठीवर पट्टी लावून."

"किती पदर?"

"एक."

"एक कायले लावला? जुना वस्तरा आहे हा. दोन लागतात. धार बिघडली पुरी."

एकच पदर कसा पुरेसा आहे, हे उत्तमसिंगांनी दहा मिनिटे सप्रमाण सिद्ध केले. देवीलालने एकाही मुद्द्याचे खंडन केले नाही, आणि हे नवीन होते. मग त्याला फेस वाळलेला वाटला. नंतर उजेड अपुरा वाटला. खुर्ची दाराशी आली, चौथ्यांदा फेस झाला. पुसदची बस साडेनऊची होती आणि आठ वाजून गेले होते.

जमनीबाईंनी चहा आणला. देवीलालने कपबशी हातात घेतली आणि कप बशीवर वाजू लागला. तो वाजतच राहिला. देवीलालने बशी खाली ठेवून कप दोन्ही हातांनी धरला, तरी थोडा चहा टॉवेलवर सांडला.

उत्तमसिंग बघत होते. कोणती सुई थोड्या वेळाने स्थिर होते आणि कोणती होत नाही, हे त्यांना एकतीस वर्षे कळत आले होते. त्यांनी मनाशी मागे मोजले. दाढी परत येऊ लागली ती दिवाळीनंतर. पण ती परत येत नव्हती. ती जातच नव्हती. देवीलाल पंधरवड्याला वस्तरा घरी नेत होता तो धार लावायला नव्हे, उतरवायला.

"तुह्यं बरोबर आहे," उत्तमसिंग म्हणाले.

चाळीस वर्षांच्या संसारात जमनीबाईंनी हे वाक्य ऐकले नव्हते. त्या ट्रे घेऊन दारातच थबकल्या.

"दोन पदर पायजेत. आन इकडं, पुन्हा लावून आनतो."

मागच्या अंगणात उत्तमसिंगांनी तीन दिवसांची मेहनत धुण्याच्या दगडाच्या कडेवर अकरा वेळा ओढली. त्याआधी, सवयीने, वस्तरा चपलेत बसवून पाठीवर कूलरची उरलेली पट्टी लावली होती. तीही दोन पदरी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जमनीबाई पाहत होत्या.

देवीलालने धार नखावर टेकवली आणि त्याचे खांदे सैल झाले.

"आता जमलं. पट्टीचं काम सोपं नाही, भाऊ. थे आमच्यावर सोडत जा."

"सोडलं."

पंचवीस मिनिटे वस्तरा दोन्ही गालांवरून निर्धास्त फिरला. कुठेही कापले नाही; कशालाच कापले नाही. तुरटी फिरली, आरसा समोर आला. "झकास," उत्तमसिंग म्हणाले.

पुसदला छायाचित्रासाठी सगळे ओळीत बसले, तेव्हा अंजूने त्यांच्याकडे निरखून पाहिले.

"काका, दाढी ठेवून राह्यले काय?"

"नाही. सकाळीच केली. देवीलालनं."

अंजूने काकूकडे पाहिले. जमनीबाई आल्या, बाजूच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"माह्यासमोर झाली," त्या म्हणाल्या. "काढा फोटो."