जंगलाचा प्रत्यक्ष अनुभव

ज्याला जंगल कळत नाही त्याने जंगलाच्या मजकुराला हात लावू नये, हे तत्त्व कोणत्याही सुसंस्कृत समाजाला मान्य व्हावं. लाटव्हियातल्या रेझेक्ने गावातली विज्मा स्प्रोगे यांची भाषांतर संस्था याच तत्त्वावर उभी होती (आणि भाड्याच्या दोन खोल्यांत). आर्निस ब्रूवेलिस यांच्या सॉ मिलमध्ये नवी करवत आली होती. तिच्या सुरक्षेच्या सूचना लाटव्हियनमध्ये, आणि बरेचसे कामगार रशियन वाचणारे. रशियन सूचना भिंतीवर लागेपर्यंत करवत बंद, कामगार घरी. सप्टेंबरात काम झालं नाही तर ब्रूवेलिस ते राजधानीतल्या, रीगाच्या संस्थेला देणार होते, म्हणजे विज्माबाईंची संस्था बसलीच.

बाईंनी भाषांतरकारासाठी जाहिरात दिली, आणि अर्ज ढिगाने आले. लाकूडकामाचे शब्द कोणाला येत नव्हते, पण 'जंगलाचा प्रत्यक्ष अनुभव' शंभर टक्के उमेदवारांना होता, कारण तिथे अळंबी वेचायला कोण जात नाही? (आपली जागा मात्र कोणी कोणाला सांगत नाही.) "कुठलं जंगल?" असं बाईंनी तपासणीखातर विचारलं की प्रत्येक जण हवापाण्यावर बोलू लागे. एक गृहस्थ तर "खड्ड्यात गेलं तुमचं काम" म्हणून उठून गेले. बाईंना त्यांच्याविषयी आदर वाटला. स्वतःची अळंबीची जागा बाईंनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती (लग्नाला तीसच वर्षं झाली होती).

शेवटी झिनाइदा त्रोफिमोव्हा आल्या. वनखात्यातून निवृत्त, दोन्ही भाषा पक्क्या, करवतीच्या दात्यापासून फळीच्या गाठीपर्यंत सगळे शब्द हजर.

"जंगल कुठलं?"

"त्यात लपवायचं काय? लुड्झाच्या रस्त्याला, जुन्या चुनाभट्टीमागे. पडलेल्या बर्चच्या झाडाच्या डावीकडे. शनिवार-रविवारी मुलगा गाडीने सोडतो."

विज्माबाईंनी उठून दार लावून घेतलं. ती त्यांचीच जागा होती.

"आणखी कोणाला सांगितलंत?"

"छे हो. तुम्ही विचारलंत म्हणून."

"नेमणूक पक्की. फक्त शनिवार-रविवार इथे बसून काम करायचं. उजाडल्यापासून."

झिनाइदाबाईंनी पहिल्याच शनिवारी काम संपवलं. पण दर्जा म्हणून काही चीज असते. दर शनिवारी फेरतपासणी निघू लागली, आणि विज्माबाई बादली घेऊन जंगलात.

"बाई, करवत आहे ती, महाकाव्य नाही," ब्रूवेलिस फोनवर करवादले.

"घाई केली तर बोटं जातील कोणाची तरी."

महिन्याच्या शेवटच्या रविवारी चुनाभट्टीमागे ब्रूवेलिसांचे कामगार भेटले. सगळ्यांच्या हातात भरलेल्या बादल्या.

"करवत बंद ना, बाई. घरी बसून काय करणार?"

बाईंनी तिथूनच फोन लावला. "झिनाइदाबाई, दर्जा आला. पाठवून द्या. आणि ब्रूवेलिसांना म्हणावं, माणसं आत्ताच्या आत्ता कामावर बोलवा."

संस्था वाचली. सूचना बरोबर होत्या का, कोणाचं बोट गेलं का, हे इथवर वाचणाऱ्या कोणाच्याही मनात आलं नाही. तुमच्या लक्षात राहिलं ते लुड्झाचा रस्ता, चुनाभट्टी, पडलेला बर्च, डावीकडे. हे माहीत असल्यामुळेच डावं-उजवं आम्ही बदलून सांगितलं आहे.