आडवं करण्याचा इलाज

राजारामच्या मते जगात दोनच प्रकारचे मेकॅनिक असतात. एक कान असलेले आणि दुसरे नुसतेच पाने असलेले. तो स्वतः अर्थातच पहिल्यातला. चारकोपमधल्या त्याच्या गॅरेजसमोरून स्कूटर गेली, की हातातला चहा खाली न ठेवता तो सांगायचा, "कार्बुरेटर भरलाय. गुरुवारपर्यंत बंद पडणार." आणि ती बुधवारीच पडायची.

पण नव्या गाड्यांत पेट्रोल आणि हवा मिसळणारा तो कार्बुरेटरच नाही. कितीतरी गुरुवार आले नि गेले, गाड्या काही बंद पडेनात. पवईला कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मुलाने, केतनने, एकदाचं सांगून टाकलं, "पप्पा, महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर गाळा मोबाइल कव्हरवाल्याला देऊ." राजारामचा मोबाइल कव्हरवर राग नव्हता. फक्त सकाळी उठून आपण जायचं कुठे, ते त्याला सुचत नव्हतं.

म्हणून रविवारी सकाळी रत्नप्रभा नवी स्कूटर घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा त्याला देवच पावला. रत्नप्रभा चारकोप गावातली कोळीण. पायाशी थर्माकोलची पेटी, पेटीत बर्फावर पापलेटं, आणि ती दहाच्या आत जुहूच्या हॉटेलात पोचवायची. शिवाय अशाच नव्या स्कूटरी घेतलेल्या आणखी चौघी तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. काम किरकोळ होतं. मागचा ब्रेक आवळायचा आणि ब्रेकचा दिवा लागतो का ते बघायचं.

"पाच मिनटं," राजाराम म्हणाला. "किल्ली चालूच राहू दे, दिवा बघतो."

पेटी उतरवली. खालचा नट नीट दिसेना म्हणून त्याने गाडी सरळ आडवी केली, पार जमिनीला टेकेपर्यंत. ब्रेक आवळून तिला उभी केली आणि स्टार्टर मारला. इंजिन फिरलं, पण सुरू होईना.

आता स्कूटर सुरू होत नसली तर काय करायचं, हे आपल्या पिढीला कोणी शिकवायला हवं का? आडवी करायची! आपल्या बापांनी तेच केलं, आपणही तेच केलं, आणि गाड्या मुकाट्याने सुरू झाल्या. राजारामनेही केली. पुन्हा स्टार्टर. काही नाही. मग दुसऱ्या अंगावर केली. मग शेजारच्या भाजीवाल्याला हाक मारून दोघांनी मिळून केली. स्टार्टरचा आवाज दमत चालला आणि पेटीपाशी एक मांजर येऊन बसलं.

"राजाभाऊ," रत्नप्रभा म्हणाली, "ती गाडी हाय, तान्हं पोर नाय. किती झोपवशील तिला?"

शेवटी राजारामने वरच्या मजल्यावरून केतनला बोलावलं. तो हाफपँटमध्ये, मोबाइल हातात घेऊन उतरला. सीटखालचं झाकण उघडल्यावर आत नुसत्या वायरी.

"कार्बुरेटर शोधू नका," केतन म्हणाला. "टाकीतला पंप पेट्रोल जोराने ढकलतो, आणि हे इथलं इंजेक्टर त्याचा फवारा मारतं. किती मारायचा ते ही डबी ठरवते. हवा किती आली, इंजिन किती तापलंय, ॲक्सिलरेटर किती पिळलाय, सायलेन्सरच्या धुरात काय उरलंय, सगळं तिला वायरीतून कळतं. क्षणोक्षणी हिशेब करते आणि मोजून पेट्रोल सोडते."

"म्हणजे मासळी बघून मीठ," रत्नप्रभा म्हणाली.

राजाराम डबीकडे बघत राहिला. काडेपेटीपेक्षा थोडीशीच मोठी. हवा, ताप, धूर. तीस वर्षं तो हेच तर करत आला होता, कानाने आणि नाकाने. त्याला फार वाईट वाटलं. आपल्यालाच कोणीतरी या डबीत भरून विकलंय आणि आपल्याला पत्ताच नाही, असं काहीतरी.

सव्वानऊ वाजले. "ऱ्हाऊ दे, रिक्षा करते," म्हणत रत्नप्रभाने किल्ली काढली आणि डिकीतलं सामान घेतलं. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, किल्ली लावून तिने पुन्हा एकदा फिरवली.

सीटखाली बारीक आवाज झाला. झूंऽ.

राजारामची मान गर्रकन वळली. "थांब. हा आवाज तू आलीस तेव्हा आला होता. मी आडवी केल्यापासून आलाच नाही. पंप आहे तो. मार स्टार्टर."

गाडी सुरू झाली. मांजर पळालं.

केतनने मोबाइलवर शोधलं आणि हळूच वाचून दाखवलं. या गाडीत एक सेन्सर असतो. गाडी आडवी झाली की ती पडली, अपघात झाला असं समजून तो पेट्रोल बंद करतो, आणि किल्ली बंद करून परत चालू करेपर्यंत पंप सुरू होत नाही. म्हणजे राजारामने सकाळपासून त्या बिचारीचे चार अपघात केले होते.

"काय झालेलं रे हिला?" रत्नप्रभाने विचारलं.

"पंप जाम होता सांगा," केतन पुटपुटला.

राजारामला महिनाअखेर आठवली. चौघी आठवल्या. आणि तरी तो म्हणाला, "काही झालं नव्हतं. मीच किल्ली चालू ठेवून आडवी केली आणि बंद पाडली."

रत्नप्रभाने पेटीचं झाकण घट्ट केलं. "ब्रेक लागतो ना?"

"एकदम झकास."

"मग झालं. गाडी बिघडवून वर कबूल करणारा पयलाच बघितला मी. धाडते चौघींना." आणि पेटी पायाशी घेऊन ती निघून गेली.

सोमवारी राजाराम धुतलेला शर्ट घालून बसला. अकराच्या सुमारास चारही स्कूटरी खरंच आल्या आणि ओळीने उभ्या राहिल्या. चौघी उतरल्या. एक शब्द बोलण्याआधी प्रत्येकीने आपापली किल्ली काढली आणि घट्ट कमरेला खोचली.

"हां राजाभाऊ," त्यांतली थोरली म्हणाली, "आता काय झोपवायचं ते झोपव."